एकोणिसावं मिनिट

"लसूणच सोलतोय काय अजून?" बोंद्रे सरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"लसूणच," मी म्हणाले. "सात मिनिटं झाली."

"आठवड्याची सोय झाली म्हणायची," जमीरभाई म्हणाले आणि त्यांनी रिमोट मांडीवर घेतला.

२००९ सालचा सप्टेंबर, रविवार सकाळ. सांगलीच्या गणपती पेठेत जमीर मुजावरांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या वरच्या खोलीत आमच्या फिल्म सोसायटीची निवड समिती बसायची. समिती म्हणजे तिघंच. निवृत्त इंग्रजीचे बोंद्रे सर, जमीरभाई आणि मी, त्रिशला मगदूम, ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. दिवाळीनंतर आमचा तीन दिवसांचा महोत्सव असायचा. थिएटरात कधीच न लागणारे सिनेमे आम्ही दाखवायचो. कुणी एकट्याने कॅमेरा घेऊन केलेला माहितीपट, कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना नटवून काढलेली दीड तासाची गोष्ट. त्या वर्षी त्र्याण्णव डीव्हीडी आल्या होत्या आणि जागा होती चौदा सिनेमांना.

म्हणून नियम केला होता. प्रत्येक सिनेमा वीस मिनिटं बघायचा, मग हात वर करायचे. दोन हात वर झाले तर पुढे, नाहीतर डीव्हीडी खोक्यात. नियम माझाच होता. मला मुळात एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या तळपायाला भिंगरी आणि जिभेला चाक. सर हळहळायचे, "अगं, तिसाव्या मिनिटाला उलगडणारे सिनेमे असतात." मी म्हणायचे, "मग त्यांनी अकरा मिनिटं आधी उलगडायला काय झालं?"

त्या दिवशी लसूणवाला गेला. मग खासी भाषेतला एक सिनेमा आला, त्यात एक म्हातारी छत्री दुरुस्त करायला गावभर फिरते. तो आम्हा तिघांनाही आवडला, एकमताने पुढे गेला. मग न्यायालयाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांवरचा माहितीपट. विषय झकास, पण दिग्दर्शकच सारखा बोलत होता, तोही खोक्यात. मग आला 'लादी'. कोकणातल्या एका बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यावरचा, पासष्ट मिनिटांचा. करणारीचं नाव रेवती धुरी, कुडाळ. नाव आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं.

पडद्यावर नुसता बर्फ. लोखंडी साचे पाण्यातून वर येतात, लाद्या सुटतात, माणसं आकड्याने त्या ओढत नेतात, यंत्र त्यांचा चुरा करतं, चुरा होडीत. निवेदन नाही, संगीत नाही. सर पंधराव्या मिनिटाला घोरायला लागले. माझे पाय हलत होते.

एकोणिसाव्या मिनिटाला एक माणूस वाकून लादी ओढत होता. कॅमेरा त्याच्या मागे आणि थोडा वर होता. चेहरा दिसत नव्हता. ओलं डोकं तेवढं दिसत होतं, आणि त्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन भोवरे होते. लादी अडली तसा तो थांबला, डाव्या हाताच्या मनगटाने मान पुसली, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा वर चढवून पुन्हा ओढायला लागला. चार सेकंद असतील. मग दुसरंच काही दिसायला लागलं.

माझे पाय हलायचे थांबले.

माझा भाऊ श्रेणिक सहा वर्षांपूर्वी घरातून गेला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेवरून आप्पांशी वाजलं आणि सकाळी बॅग घेऊन गेला तो गेलाच. पत्र नाही, फोन नाही. आप्पा म्हणजे आमचे वडील, शाळेचे हेडमास्तर, मोडेन पण वाकणार नाही अशातले. त्यांनी त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही आणि आम्हालाही काढू दिलं नाही. दोन वर्षांनी आषाढात एका सकाळी ते उठलेच नाहीत. अग्नी माझ्या चुलतभावाने दिला. श्रेणिकला कळवायचं तर कुठे कळवायचं? तो आहे की नाही, हेच ठाऊक नव्हतं. त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते आणि आई त्याला लहानपणी चिडवायची, दोन लग्नं करशील रे बाबा, दोघींना सांभाळशील कसा.

"वीस झाली," जमीरभाई म्हणाले. सर दचकून जागे झाले.

मी हात वर केला.

"नको गं," सर म्हणाले. "बर्फ तो बर्फच. विषयाला तापमान नाही."

"जमीरभाई?"

"मॅडम, लाद्या बघून माझंच अंग गारठलं. नको."

"जरा मागे घ्या ना. एकच मिनिट."

"एक विरुद्ध दोन. नियम तुमचाच हाय की ओ."

मी गप्प बसले. हे माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं, पण कारण होतं. आप्पा गेल्यावर कुणीतरी सांगितलं, श्रेणिकसारखा एक जण हुबळीला लॉजवर पाहिला. मी लगेच आईला सांगितलं. आईने तीन दिवस हुबळीतली लॉज पालथी घातली, आणि परत आल्यावर महिनाभर अंथरुणाला खिळली. पुढच्या वर्षी बेळगाव, तसंच. तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे खात्री असल्याशिवाय यांना काही सांगत जाऊ नका. पाठमोऱ्या माणसाची कसली आली खात्री? पुढचे तीन सिनेमे माझ्या डोळ्यांसमोरून गेले, त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. सगळ्यांना मी हात वर केला म्हणे. सर खूश झाले.

सर चारला गेले. मी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा वर आले.

जमीरभाईंनी न विचारता खोक्यातून 'लादी' काढली, मशीनमध्ये घातली आणि बरोबर त्या जागी आणून थांबवली. दोन भोवरे पडद्यावर स्थिर झाले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणाले.

"मी फोटोवाला हाय, मॅडम. श्रेणिकचे दहावीपास्नं पासपोर्ट फोटो मीच काढलेत. दर बारीला सांगायला लागायचं, बाबा रे, डावा खांदा खाली घे. तवा सरांच्या म्होरं बोललो न्हाई. आदी तुमी बोलाल म्हटलं."

मला रडू आलं. त्यांनी पंखा वाढवला आणि खाली जाऊन चहा सांगून आले.

डीव्हीडीच्या वेष्टनावर रेवती धुरीचा नंबर होता. मी तिथूनच फोन लावला. सांगली फिल्म सोसायटी म्हटल्यावर पलीकडून आवाज एकदम उजळला. सिनेमा घेतला का, असं तिला विचारायचं होतं हे मला कळत होतं. मी म्हणाले, "उद्या भेटता येईल का? मी येते." ती म्हणाली, "इतक्या लांबून?" मी म्हणाले, "हो."

आईला सांगितलं की कोल्हापूरला पेपर सेटिंगची मीटिंग आहे. पहाटेची एसटी, कोल्हापूरला गाडी बदलली, आणि घाट उतरेपर्यंत मी चार वेळा जागा बदलली. कंडक्टर म्हणाला, "बाई, सगळ्या सीटा एकाच गाडीत जातात."

रेवती धुरी अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. कुडाळात वडिलांच्या घराच्या मागच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता आणि भिंतीला लागून टेपांचे डबे, प्रत्येकावर आकडा आणि तारीख. तिने भाकरी-भाजीचं ताट पुढे ठेवलं. मी ते बाजूला सारलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. एकोणिसावं मिनिट, दोन भोवरे, सहा वर्षं.

ती ऐकताना पांढरी पडत गेली.

"त्याचं नाव काय म्हणालात?"

"श्रेणिक."

तिने उठून एक वही काढली, पानं उलटली, आणि कपाळाला हात लावला.

"माझ्याकडून मोठी चूक झालीय," ती म्हणाली. "मी शूटिंग करताना प्रत्येकाला आधी कॅमेऱ्यासमोर विचारते. नाव सांगा, आणि तुम्हाला दाखवलेलं चालेल की नाही ते सांगा. जे नको म्हणतात त्यांचा नकारही टेपवर ठेवते. एडिट करताना त्यांचा चेहरा कुठे येत नाही ना, हे बघता येतं. तुमच्या भावाने नको म्हणून सांगितलं होतं. चेहरा मी कुठेच घेतला नाही. पण लाद्या ओढण्याचं शूटिंग त्याच्या दोन दिवस आधीचं होतं. त्यात तो पाठमोरा होता. मला वाटलं, पाठमोरा माणूस कोणाचाच नसतो."

"आहे ना तो तिथे? आत्ता?"

"गेल्या महिन्यात होता."

"कुठे आहे हा कारखाना?"

तिने उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग मी आवाज चढवला. मी तिला म्हणाले की एका आईचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही नियम कसले सांगता. मी बरंच बोलले. ती ऐकून घेत राहिली. मग तिने अकरा नंबरची टेप काढून मशीनमध्ये घातली.

"त्याने नाही म्हटलेलं मी कुणाला दाखवायला नको," ती म्हणाली. "पण तुम्ही आधी हे बघा. मग काय ते ठरवा."

पडद्यावर श्रेणिक आला. समोरून. दाढी वाढलेली, गाल बसलेले, पायात गमबूट. कारखान्याच्या दारात उभा होता आणि उन्हामुळे डोळे बारीक करत होता. मी स्क्रीनच्या इतकी जवळ गेले की रेवतीने माझी खुर्ची मागे ओढली.

तिचाच आवाज आला, "नाव सांगा."

"श्रेणिक."

"तुम्हाला फिल्ममध्ये दाखवलं तर चालेल?"

"टीव्हीवर येणार काय हे?"

"नाही हो, टीव्हीवर कोण घेतंय. फिल्म सोसायट्या, छोटे महोत्सव, असं कुठेतरी."

श्रेणिक हसला. तसाच हसला, आधी नाकातून.

"मग तर नकोच."

"का?"

"टीव्हीवर असतं तर चाललं असतं. आमच्यात टीव्ही कोण बघत न्हाई. पण माझी अक्का असलेच सिनेमे बघत असते. रडके. मला पण न्यायची, मी झोपायचो. तिला दिसलो की ती आप्पांना सांगणार. ती सांगतेच. तेवढं नको."

टेप संपली.

आता जे मी आत्तापर्यंत लिहिलं नाही ते लिहायला हवं. परीक्षेवरून आप्पांशी वाजलं असं मी म्हटलं, आणि सगळ्यांना तसंच सांगत आलेय. पण आप्पांना ते कळलं माझ्याकडून. श्रेणिक तिसऱ्या वर्षात दोनदा नापास झाला होता आणि रोज डबा घेऊन कॉलेजला म्हणून जाऊन नदीकाठी बसत होता. त्याच्या कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीने मला सांगितलं. मी त्याला धरलं तेव्हा त्याने माझे पाय धरले. म्हणाला, अक्का, दिवाळी होऊ दे, मी स्वतः सांगतो आप्पांना, शपथ. मी बरं म्हणाले. आणि संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं, कारण माझ्याच्याने राहवलं नाही. खरं बोलण्यात लाज कसली, असं मी तेव्हा आईला ऐकवलंही होतं.

"त्याचे वडील इतके कडक आहेत?" रेवतीने हळूच विचारलं.

"होते," मी म्हणाले. "चार वर्षं झाली त्यांना जाऊन."

टेपेतला माणूस नसलेल्या बापाला भीत होता, हे आम्हा दोघींनाही एकदमच कळलं असावं.

"कारखाना तुम्ही शोधाल," ती थोड्या वेळाने म्हणाली. "वेंगुर्ल्याच्या बाजूला बर्फाचे कारखाने आहेत किती? मी अडवू शकत नाही. पण तुम्ही अचानक समोर गेलात तर काय होईल ते मला ठाऊक नाही. तो सहा वर्षांत चार गावं बदलून इथे आलाय, एवढं मला बोलता बोलता कळलं होतं."

"मग तुम्ही जा. त्याला सांगा, आप्पा गेले."

"मी सांगू? ही बातमी?"

"मी सांगितलेलं त्याला चालणार नाही," मी म्हणाले. कागदावर कॉलेजच्या ऑफिसचा नंबर लिहून दिला. "आणि हेही सांगा, की मी आईला यातलं काही बोललेले नाही."

सिनेमाचं काय झालं, हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही. मीच निघताना सांगितलं, की वीस मिनिटांत बाद केला. ती म्हणाली, "तो शॉट मी आजच काढते. चार सेकंदांनी कमी होईल, पुढच्या वर्षी पाठवते." मला तिची लाज वाटली, म्हणजे तिच्यापुढे माझी.

कुडाळच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी यायला दीड तास होता. वेंगुर्ल्याची लागलेली होती. मी दोनदा तिच्याजवळून गेले. तिसऱ्यांदा चढले. गाडी सुटली. कंडक्टर आला आणि म्हणाला, "खंय?"

मी तोंड उघडलं. एका तासावर माझा भाऊ होता. मी उभी राहीन, तो लादी ओढत असेल, आणि मी सांगायला लागेन. सगळं, एका दमात, जसं मघाशी रेवतीला सांगितलं तसं.

"पिंगुळी," मी म्हणाले. मागे एक बाई ते नाव घेत होती म्हणून तेच सुचलं. पाच मिनिटांत उतरले आणि रिक्षाने परत स्टँडवर आले. आजवर मी अनेक गाड्या चुकवल्यात, पण मिळालेली गाडी सोडून दिली ती तेवढीच.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. कॉलेजात फोन वाजला की मी तास सोडून दारात यायचे. एका पोरीचं द्रावण उतू गेलं आणि मला कळलंही नाही. आईने दोनदा विचारलं, कोल्हापूरला काय झालं का गं? मी म्हणाले, पेपर अवघड काढलाय म्हणून वाद झाला. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत, आतून बाहेर, एवढंच करत होते. जमीरभाईंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊन बगू या काय आपन? माजी गाडी हाय." मी नको म्हणाले. म्हणताना दात आवळले.

मंगळवारी दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना शिपाई आला. "मॅडम, फोन. नाव सांगत न्हाईत."

ऑफिसात साळुंखे क्लार्क पगारपत्रकात डोकं घालून बसले होते. मी फोन घेतला. पलीकडे यंत्राची घरघर होती.

"अक्का."

"हं."

"कधी?"

"चार वर्षं झाली. आषाढात."

"कशानं?"

"झोपेत. त्रास काही झाला नाही."

घरघर चालू राहिली. मला वाटलं फोन ठेवला.

"मला विचारलं होतं काय त्यांनी?"

साळुंख्यांनी पेन खाली ठेवलं होतं. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"विचारलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"शेवटी शेवटी तर रोज विचारायचे. जेवला असेल का, म्हणून."



"खोटं बोलतीयस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी घरात असतानासुद्धा आप्पांनी कधी विचारलं न्हाई, जेवलास काय म्हणून. तुला खोटं बोलायला येत न्हाई, अक्का. कशाला बोलतीयस?"

"तू यावंस म्हणून."

कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने "आलो" म्हटलं. मग फोन तोंडाजवळ घेऊन तो म्हणाला, "शनिवारी येतो. आईला सांगू नको. मी येतो आणि मीच सांगतो."

"बरं," मी म्हणाले. सहा वर्षांपूर्वीही मी हेच म्हणाले होते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरीही दुसऱ्यांदा न बजावता त्याने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी आई ज्वारी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसले. "आज काय झालंय तुला?" ती म्हणाली. "बोल काहीतरी. तू गप्प बसलीस की मला भीती वाटते." मी म्हणाले, डोकं दुखतंय. बुधवारी म्हणाले, घसा बसलाय. गुरुवारी कॉलेज सुटल्यावर स्टुडिओत जाऊन बसले आणि दोन अख्खे सिनेमे बघितले. शुक्रवारी आई म्हणाली, "काल माझ्या स्वप्नात आला होता तो." मी ताट उचलून मोरीत नेलं, नळ मोठा सोडला आणि ते एकच ताट घासत राहिले.

शनिवारी सकाळी मी आईला चांगलं पातळ नेसायला लावलं. ती म्हणाली, "कशाला? कोण यायचंय का?" मी म्हणाले, "उगीच. जुनं विटलंय." दोन वाजले. तीन वाजले. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, हात मांडीखाली दाबून. चारला फाटकाची कडी वाजली.

"कोण आलंय बघ गं," आई आतून म्हणाली.

फाटकाशी पावलं थांबली होती. मी जागची उठले नाही.

"तूच बघ," मी म्हणाले.